न थांबणाऱ्या बसचा गेम

कोरपन्याकडून राजुऱ्याला जाणारी सकाळची बस आमच्या फाट्यावर थांबत नव्हती. फाट्यावर 'विनंती थांबा' अशी सरकारी पाटी आहे. विनंती आम्ही इमानदारीनं करायचो. थांबायचं कोणी, ते पाटीवर लिहिलेलं नाही.

माझी आई राजुऱ्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. बस हुकली की ती पुढच्या गावापर्यंत चालत जायची, तिथून मिळेल त्या काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून घ्यायची. तोवर पोरी उपाशीच कॉलेजला गेलेल्या असायच्या. शेवटी वसतिगृहाच्या बाईंनी सांगून टाकलं, "आणखी उशीर झाला तर मी दुसरी बाई पाहते."

मी पत्रकं लिहिणारी कार्यकर्ती आहे. 'झोपलेल्या प्रशासनाला जाहीर सवाल' वगैरे मथळे मला दात घासतानाही सुचतात. पण डेपोसमोर माझ्याच जाहीर सवालात गुंडाळलेली भजी खाताना लोक पाहिले आणि ठरवलं, पत्रक बंद. सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात ना, मग मोबाईलमध्येच आमचा फाटा घालू. (डेपो कुठला ते लिहीत नाही. चालू झालेली गोष्ट पुन्हा बंद पडायला नको.)

माझा एक मित्र चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकला आहे. तो गेम बांधणार होता. त्यातलं सगळं हातानं केलेलं हवं असा आग्रह मी धरला, कारण चित्र काढता येणारं आमच्यात कोणी नव्हतं. आईनं जुन्या परकराच्या चिंध्यांची माणसं शिवली. आत सरकीसकट कापूस भरला, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्याला टेंगळं आली. साबणाच्या खोक्याची बस केली, बाटल्यांच्या झाकणांची चाकं लावली. झाडांच्या फांद्या फाट्यावरूनच तोडून आणल्या. सिमेंट कारखान्याच्या धुळीनं त्या राखाडी होत्याच, रंगाचा खर्च वाचला. मग एकेक बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची.

खेळ असा: पडद्यावर बोट टेकवलं की फाट्यावरची सगळी माणसं हात दाखवतात. बस येते आणि निघून जाते.

"जिंकाचं कसं?" मित्रानं विचारलं.

"नाई जिंकाचं."

"मंग खेळन कोण?"

"रोजच खेळून राह्यले न सारे. कोणी जिंकलं का?"

गावातल्या बुद्धविहाराच्या अंगणात गेम दाखवला तेव्हा शेजारच्या काकांनी बराच वेळ बोट घासलं आणि मोबाईल परत दिला. "बिघडला हाय वं तुह्या गेम." मी त्यांना प्रायोगिक म्हणजे काय ते समजावलं. काका म्हणाले, "तेच म्हणतो मी, अजून बनला नाई."

तरी तसाच घेऊन मी डेपोच्या साहेबांकडे गेले. निवेदनाकडे न बघणारे साहेब गेमकडे मात्र लगेच वळले. एकदा खेळले. पुन्हा खेळले. चष्मा पुसून पुन्हा खेळले. "अरे, माणसं दिसत नाहीत का याला?" असं स्वतःच्याच बसला म्हणाले. मग क्लार्क खेळला. मग चहाला आलेला एक ड्रायव्हर मागून वाकून म्हणाला, "हातानं नाई थांबत साहेब ते. रोडच्या मधात उभं राहा लागते."

तो चहा घेऊन निघून गेला.

"तुमच्या गेममध्ये दोष आहे," साहेब मला म्हणाले. "आधी तुमची बस थांबवून दाखवा. मग आमचं बघू."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात अख्खं पत्रक तयार झालं होतं. ही सरळसरळ तडजोड होती. खरी बस थांबत नसताना गेममधली थांबवणं म्हणजे जनतेची दिशाभूल.

"थांबव न मंग," आई म्हणाली.

"आई, ते खोटं होईन."

"खोटी थांबल्यानं खरी थांबत असन तर तुह्या बापाचं काय जाते? माह्या नोकरीचं पाह्य पहिले." तिनं खोका हातात घेऊन फिरवला. "बाप्पा, हिले तं दारच नाई."

खरंच नव्हतं. थांबणारच नाही तर दार कशाला, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आईनं कात्रीनं दार कापलं तर आत साबणाची जाहिरात दिसायला लागली. मग आतून कागद लावा, सीट करा, कंडक्टर करा. गेममध्ये एवढं दिसणार नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, "बसणाऱ्याले दिसते." काकांवरून शिवलेली बाहुली दारातच अडकली, तिच्या पोटातला कापूस काढला तेव्हा कुठे ती चढली. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.

दुरुस्त गेम साहेबांनी खेळला. हात वर झाले, बस थांबली, टेंगळांची माणसं एकेक करून चढली. साहेबांनी खुर्चीला पाठ टेकवली. "बघा, जमतं की," ते म्हणाले, जणू इतकी वर्षं बस मीच पळवत होते. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला आणि फाट्याचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बस थांबली. आई चढली आणि सीट शोधायला आत घुसली. मी फक्त बघायला गेले होते, पण कंडक्टर दारातून म्हणाला, "चढता का नाई ताई? तुमच्यापायीच थांबोली." इतकी बोंब मारल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. काहीही काम नसताना मी राजुऱ्याचं तिकीट काढलं.

आई वेळेत पोचली. फाटकातून आत जाताना तिनं मागे वळूनही पाहिलं नाही, तिला कणीक मळायची होती.

परतीच्या बसमध्ये मी फाट्याच्या आधीच उठून दाराशी उभी राहिले. बस तशीच पुढे गेली.

"अहो, फाटा," मी म्हटलं.

"जातानीच थांबाचा हुकूम हाय," कंडक्टर म्हणाला. "येतानीचा नाई आला."

पुढच्या गावात उतरून मागे चालत आले. गेममध्ये येतानाची बस आम्ही केलीच नव्हती. अंधार पडताना आई तशीच चालत घरी आली, चप्पल काढली आणि विचारलं, "साबणाचा आणखी एखादा खोका हाय का वं?"