गालातला पांढरा चट्टा

श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी. आमच्या ह्यांची रीत अशी, की नवा माल सोलला की अडकित्त्याने कातरून आधी स्वतः चघळणार, मगच व्यापाऱ्याशी बोलणार. पुढे पुढे दिवसभर गालात खांड असायचंच.

मुलगी मुंबईत कॅन्सरवर संशोधन करते. गणपतीला आली आणि ह्यांच्या मागेच लागली, "बाबा, तोंड उघडा." मोबाईलचा उजेड पाडला, तर गालाच्या आत पांढरा चट्टा.

"तंबाखूला मी कधी हात लावला न्हाय," हे म्हणाले. "घरची सुपारी हाय. तिनं काय होतंय?"

आमच्याकडे सगळ्यांची हीच समजूत. वाईट तो गुटखा, सुपारी काय, देवापुढे ठेवतो आपण! मुलगी म्हणाली, "नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो, बाबा." ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

मग तिने समजावलं. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे अगदी बारके रेणू असतात. वाढायचा निरोप निघाला की ते वाटेतच अडवतात, 'पुरे' म्हणतात. कॅन्सरमध्ये हे अडवणारे कमी पडतात. उलट त्यांच्यातलेच काही भलतेच माजतात आणि वाढ आवरणारे निरोपच दाबून टाकतात. मग गाठ वाढते, पसरते.

हे गंभीरपणे ऐकत होते. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हंजे तुझी आईच की! दुसरा मोदक माझ्या पानात पडायच्या आत पुरे म्हणते."

इथे माझा जीव टांगणीला आणि ह्यांना थट्टा सुचतेय! मी उखडलेच. "कधी ऐकलं असतंत तर ही वेळ आली नसती."

अलिबागला गालाचा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. सुपारी कायमची बंद, तपासणी चालू. मी तिथेच सगळ्यांसमोर रडले.

पुढे बोर्लीचा व्यापारी आला. ह्यांनी सुपारी कातरून त्याच्यापुढे धरली आणि स्वतःचा हात मागे घेतला. तो बघतच राहिला. "आता तुम्हीच पारखा," हे म्हणाले. आपण खायची नाही आणि विकायची, हे मला अजून पचलेलं नाही. पण वाडी तोडून खाणार काय?

आता रोज सकाळी चहाआधी हे पडवीत बसून आ करतात, मी टॉर्च मारते. लग्नात मी घास भरवताना ह्यांनी लाजून तोंड एवढंसं उघडलं होतं. आता पडजीभसुद्धा दिसते.

"ते बारके पुरे म्हणतायत ना अजून?" हे विचारतात.

मला तिथे काय दिसणार, कपाळ! चट्टा वाढलेला नाही, एवढंच दिसतं.

"म्हणतायत," मी सांगते. "आणि मीही म्हणतेय."

हे तोंड मिटतात आणि चहा मागतात.