परवान्यावरचा पाचवा माणूस

पोलीस नोकरीतल्या बहुतेक केसेस आता डोक्यात पुसट झाल्या आहेत. सिंगापूरच्या तुआस गोदीतल्या चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणुकी, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. पण कुठल्याही फॉर्मवर ‘एकूण व्यक्ती’ हा रकाना दिसला की एक केस जशीच्या तशी समोर येते आणि माझं पेन क्षणभर थांबतं.

लहानपणी मी आईवडिलांबरोबर पुण्याहून सिंगापूरला आलो आणि इथल्याच पोलिसांत नोकरी केली. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना मला ठाण्यातून उचलून राखीव जंगलाच्या परवाना विभागात अंमलबजावणीसाठी बसवलं. दोस्तांनी टोमणे मारले, “आता माकडांना बेड्या घाल.” मलाही आतून तसंच वाटत होतं, पण हुकूम म्हणजे हुकूम.

काम साधं होतं. जंगलाच्या आतल्या पायवाटेवर रोज ठरावीक माणसांनाच सोडायचं. त्यासाठी लोकांनी आधी फॉर्म भरायचा: किती व्यक्ती, कशासाठी, किती वाजता. फाटकावरचा माणूस डोकी मोजून नोंदवहीत लिहायचा, आत किती, बाहेर किती. अंधार पडायच्या आत शेवटचा माणूस बाहेर आला ना, एवढ्यासाठी ही मोजणी. ‘कशासाठी’ या रकान्यातून माणसं फार छान कळतात. लग्नाचे फोटो काढायला येणारी जोडपी हमखास ‘निसर्ग अभ्यास’ लिहितात, आणि ज्याला बॉसपासून दोन तास लपायचंय तो ‘कौटुंबिक सहल’ लिहून एकटाच येतो.

हे फॉर्म तपासायला खिडकीवर एक मलय बाई होत्या. वीस वर्षं तीच खुर्ची. सगळे त्यांना काकाक म्हणायचे, मलयमध्ये ताईला म्हणतात तसं. विभागाचे साहेब बदलत, काकाक बदलत नसत.

त्या सुमारास जंगलातून गाणाऱ्या पक्ष्यांची चोरी होत होती. फांदीला चिकट गोंद लावायचा, पक्षी अडकला की पिशवीत घालून पसार व्हायचं. वरून रोज विचारणा व्हायची आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. अशात एका सकाळी खबर आली. पायवाटेवर नेहमी फिरायला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन होता. एक इंडियन कुटुंब दर महिन्याला येतं, पायवाट सोडून झाडीत शिरतं, म्हाताऱ्या बाईच्या पिशवीत काहीतरी जड असतं आणि त्यात खुरपं होतं हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

काकाकनी फॉर्म काढून दिले. सगळे एकाच माणसाच्या नावावर, महिन्याच्या पहिल्या रविवारचे. प्रत्येक फॉर्मवर एकूण व्यक्ती पाच. नोंदवहीत मात्र आत चार, बाहेर चार. मी लागोपाठ सात महिने तपासले, सातही वेळा तेच.

माझी कल्पनाशक्ती लगेच धावायला लागली. पाचवा माणूस दुसऱ्या बाजूने कुंपणाखालून शिरतो, पक्षी पकडतो, आणि हे चौघे साळसूदपणे पिशवीतून ते बाहेर आणतात. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी हे वरिष्ठांना इतक्या ठामपणे सांगितलं की त्यांनी मानही डोलावली.

पुढच्या पहिल्या रविवारी मी आणि माझा सार्जंट पहाटेपासून झुडपात दबा धरून बसलो. डासांनी फोडून काढलं. सार्जंटचा टोस्ट माकडाने त्याच्या हातातून नेला. आठच्या सुमारास कुटुंब आलं: चाळिशीतला माणूस, त्याची बायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेली आजी. पायवाट सोडून ते झाडीत शिरले आणि अर्ध्या तासाने परतले. फाटकावर आम्ही पिशवी तपासली. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या, ओल्या मातीचं खुरपं, आणि स्टीलच्या डब्यात थोडी उरलेली खीर. पक्ष्याचं पीसही नव्हतं. ते गेले होते तिथे जाऊन पाहिलं तर कमरेएवढं एक झाड आणि त्याच्याभोवती नुकतीच खुरपलेली माती.

“सर, इथे काहीतरी पुरलंय,” सार्जंट म्हणाला. मलाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाला चौकशीला बोलावलं. बुओना व्हिस्टा भागातल्या एका प्रयोगशाळेत इंजिनिअर, पुण्याचा, बौद्ध कुटुंबातला, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, इथे आलेला. माझ्या गळ्यातल्या कार्डावर फक्त पहिलं नाव असे, त्यामुळे मी मराठी आहे हे त्याला कळायचं कारण नव्हतं, आणि मी ते कळू दिलं नाही. समोरच्याला आपण त्याच्यातले वाटलो की तो सवलत मागतो, असा माझा अनुभव. सगळं इंग्रजीत चाललं.

“फॉर्मवर पाचवा कोण?”

“टायपिंग मिस्टेक, सर.”

“सात वेळा?”

“आधीचाच फॉर्म कॉपी करतो. आकडा बदलायचा राहून जातो.”

“तारीख बरी दर वेळी बदलते.”

खोटं बोलणारी माणसं सहसा जास्त बोलतात, सजावट करतात. हा एकेक शब्द मोजून देत होता आणि घाम पुसत होता, तेही त्या खोलीत, जिथे एसीमुळे मी स्वतः स्वेटर घालून बसायचो.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “उद्या सकाळी नऊला आम्ही तिथे खोदतोय.”

“प्लीज सर, खोदू नका.”

“का? काय आहे खाली?”

मग तो इतकंच म्हणाला, “माझा पास रिन्यूअलला गेलाय, सर. माझ्या आईचा पास माझ्यावर अवलंबून आहे.” त्यापुढे त्याने तोंड उघडलं नाही. मी जबाब वाचून दाखवला, सही घेतली, त्याला जाऊ दिलं आणि खोदकामाचा आदेश तयार केला.

संध्याकाळी काकाक खिडकी बंद करता करता माझ्या टेबलापाशी आल्या. हातात आणखी दोन जुने फॉर्म होते.

“सर, तुम्ही पाचवा माणूस कुठून शिरतो ते शोधताय,” त्या म्हणाल्या. “तो यायचा कधी थांबला, ते बघितलंत का?”

मी सात महिने तपासून थांबलो होतो. त्या आणखी दोन महिने मागे गेल्या होत्या. त्या दोन्ही वेळी फॉर्मवर पाच, आत पाच, बाहेर पाच. फाटकावरच्या माणसाने शेऱ्यात लिहिलं होतं, ‘वृद्ध गृहस्थ, हातात काठी, सावकाश चालतात.’ तिसऱ्या महिन्यापासून तो शेरा नव्हता. मला अर्धं कळलं, पण आदेश रद्द करण्याइतकी खात्री नव्हती.

सकाळी आठला आमच्या विभागाच्या दारात ती आजी उभी. सेंगकांगच्या घरून एकटीच एमआरटी, म्हणजे मेट्रो, बदलत आली होती. सार्जंट फावडी घेऊन जंगलाकडे निघून गेला होता.

“नौ बजे खुदाई है ना?” ती म्हणाली. “उसके पहले मुझे बोलना है.”

“बसा ताई,” मी म्हणालो. “मराठीत बोला.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “मराठी आहात? आणि माझ्या पोराला दोन तास इंग्रजीत पिळलंत? रात्री जेवला नाही तो.”

“सरकारी काम होतं, ताई.”

“असू दे.” तिने पदराने कपाळ पुसलं. “तुमचा पाचवा माणूस म्हणजे माझे मिस्टर. त्या झाडाखाली आहेत. फावडी थांबवा आधी, मग काय ते विचारा.”

मी सार्जंटला फोन लावला. तो जागेवर पोचला होता. “हात लावू नकोस कशाला,” मी म्हणालो, “आणि तिथून हलूही नकोस.”

मग तिने सांगितलं. दोघं नातीला भेटायला आले होते. नवऱ्याला ती जंगलातली पायवाट फार आवडली, दोनदा पाचही जण गेले. दुसऱ्या खेपेनंतर आठवड्याभरात सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये तो झोपेतच गेला. अंत्यसंस्कार इथेच झाले.

“आमच्या घरात राख नदीत सोडत नाहीत,” ती म्हणाली. “खड्डा करायचा, राख मातीत मिसळायची, वर झाड लावायचं. सासऱ्यांचं झाड आहे पुण्याला, त्याच्या सावलीत आता रिक्षा उभ्या राहतात. इथं अकराव्या मजल्यावर कुठं खड्डा करणार? पोरगा म्हणाला, कुंडीत लावू. कुंडीत माणूस ठेवतात का?”

“मग रोप कुठून आणलंत?”

“पिंपळ आहे तो. आमच्या ब्लॉकखाली गटाराच्या फटीत उगवला होता. सफाईवाले उपटायला आले, त्यांच्याकडून मागून घेतला.”

“आणि खड्डा कोणी केला?”

“मी. पोराला म्हटलं, तू नुसती छत्री धर. त्याचा पास आहे, माझं काय जातंय?”

मला राहवलं नाही. “ताई, फॉर्मवर चार लिहिलं असतंत तर आम्ही ढुंकूनही पाहिलं नसतं.”

“पोरगा चारच लिहीत होता. मी पाच करायला लावलं.” तिचा आवाज पहिल्यांदाच जरा कडक झाला. “साहेब, मी रोज सकाळी पंचशील म्हणते. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. आम्ही पाच जण तिथं बसतो, त्यांच्या वाटची खीर ठेवतो, मग चार कसं लिहायचं?”

“आणि वाट सोडून शिरलात, परवानगीशिवाय खड्डा केलात, ते?”

“फॉर्मवर तसा रकाना नव्हता,” ती म्हणाली. मग माझ्याकडे रोखून पाहत, “आणि तुम्ही मराठी असून लपवलंत, तेही चौथ्यातच येतं बरं का.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं समोर बसवून सुनावलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. एका विधवेच्या नवऱ्याला मी पक्षीचोर ठरवून त्याच्यावर फावडी पाठवली होती.

नियम मात्र नियमाच्या जागी होता. तिचा जबाब मी स्वतः भाषांतर करून घेऊ शकत नव्हतो. मराठीचा दुभाषा नव्हता, म्हणून हिंदीचा बोलावला आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मुलाला बोलावून मी मराठीत झापलं. “कालच सांगितलं असतंस तर आईला एकटीला यावं लागलं असतं का?” तो टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. त्याला भीती वाटत होती की जंगलात माणसाची राख पुरणं म्हणजे मोठा गुन्हा ठरेल, आईला परत पाठवतील आणि बाबा इथे एकटे राहतील.

मी अहवालात शिफारस केली की लेखी समज पुरेशी आहे, आणि ती मान्य झाली. पुढे त्याचा पासही वाढला. पण झाडाचं काय, हे ठरवणं माझ्या हातात नव्हतं. जंगलाचा अधिकारी एक उंच, मितभाषी चिनी गृहस्थ. त्याने तिथे जाऊन पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. पिंपळ या जंगलातला नाही, वाढला की शेजारच्या झाडांना गिळेल, काढावाच लागेल. एका बागेच्या कडेला मोकळी जागा आहे, तिथे लावू देतो, एवढी सवलत त्याने दिली.

मी तिला हे मराठीत सांगितलं. तिने एकच विचारलं, “झाड जाईल, आणि ते मागं राहतील?”

मी अधिकाऱ्याला प्रश्न सांगितला. त्याने तिला विचारलं, किती माती? तिने दोन्ही हात जितके पसरता येतील तितके पसरले आणि मग खाली वाकून खोलीही दाखवली. त्याने ते माप वहीत टिपून घेतलं.

“कॅन लाह, आंटी,” तो इथल्या इंग्रजीत म्हणाला, म्हणजे जमेल. “ऑल टेक.”

झाड हलवायच्या दिवशीही परवाना लागणारच होता, कारण पायवाट सोडायची होती. अट अशी की पोलीस अधिकारी सोबत हवा. फाटकावर आमची मोजणी झाली. ते चौघे आणि मी, आत पाच. कामगारांची नोंद वेगळी होती. त्यांनी हातभर खोल खणून सगळी माती गोणपाटात बांधली आणि पिंपळासकट हातगाडीवर ठेवली. नातीने पूर्ण वाटभर गाडीच्या कडेला हात धरला होता. “स्लो स्लो लाह, आजोबा इन्साइड,” ती कामगारांना सांगत होती, आणि ते खरंच सावकाश चालत होते.

बाहेर पडताना फाटकावरच्या माणसाने डोकी मोजून पाच लिहिलं. आजी थांबली. “छे लिखो, भैया,” ती म्हणाली. त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

नवीन भरती झालेल्यांना मी नेहमी शिकवायचो, आकडा जुळला नाही की समजा कोणीतरी खोटं बोलतंय. या घरात एकच माणूस अक्षराला धरून खरं बोलत होतं आणि तिच्यामुळेच आकडा जुळत नव्हता. मी सात महिन्यांचे कागद तपासले, डासांत बसलो, एका सज्जन माणसाला घाम फोडला, पण ‘पाचवं कोण?’ हे त्या आजीलाच साधेपणाने विचारायचं मला सुचलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुणाचाही जबाब त्याच्या भाषेत नमस्कार केल्याशिवाय सुरू केला नाही.

त्या दिवशी फाटकावर मी पेन हातात घेतलं, पाच खोडलं, सहा लिहिलं आणि दुरुस्तीशेजारी नियमाप्रमाणे सही केली. संध्याकाळी ती वही काकाककडे गेली. आत पाच, बाहेर सहा. त्यांनी ते दोनदा वाचलं, मला काही न विचारता ‘जुळलं’चा शिक्का मारला आणि खिडकी बंद केली.