ढगाची नोंद

बिभीषण सहकारी साखर कारखान्याचा चिटबॉय. कुणाचा ऊस, किती एकर, कधी लावला, हे वहीत लिहायचं आणि नंबर आला की तोडीची चिठ्ठी द्यायची, ही त्याची नोकरी. पण दुष्काळाचं तिसरं साल चाललेलं. धर्मापुरीच्या शिवारात ऊस उरला होता तो एकट्या वच्छलाकाकूचा, तोही दोन सऱ्या, बेण्यासाठी, म्हणजे कांड्या तोडून पुढची लागण करायला राखलेला. काकू टँकरच्या पाण्यातली घागर त्याच्या बुडाशी ओतायची. ते बेणं वाळलं की गावात ऊस म्हणून काही राहणार नव्हतं.

त्यात बातमी आली. औरंगाबादेहून विमान उडतं, ढगावर मीठ फवारतं नि पाऊस पाडतं. झालं! चिटबॉयच तो, त्याला वाटलं, विमानही नोंदीनंच पाठवत असणार, ज्याची नोंद आधी त्याचा नंबर आधी. पठ्ठ्यानं उसाच्या वहीत ढग लिहायला घेतले. तारीख, वेळ, दिशा, गट नंबर. दर ढगाला विमानाच्या कंट्रोल रूमला फोन. "अहो, ढगाची नोंद नसते!" तिकडचा साहेब हसून हसून दमला. पण ऐकतोय कोण?

एकच गोष्ट बिभीषणाला कळेना. विमानाला यायला वेळ किती लागतो? गावात कुणी म्हणे तीन तास, कुणी म्हणे पापणी लवेपर्यंत. शेवटी स्वारी एस.टी.नं थेट जवळच्या लातूरच्या विमानतळावर. फाटकावरचा पहारेकरी उत्तरेश्वर म्हणाला, "औरंगाबादहून हितं? सरळ रेघेत दोनशे किलोमीटर. बारकं इमान अर्ध्या तासात येतंय."

"एस.टी.ला तर सात तास लागतेत!"

"इमानाला मांजरसुंब्याला चहाला थांबायचं न्हाई, बे!"

म्हणजे आपल्या गावालाही अर्धा तासच. आणि ढग तर गावावर वीस मिनिटंही थांबत नाही! बिभीषणानं केजच्या चिटबॉयला पटवलं: तुझ्या डोक्यावर ढग आला की मला फोन कर. तिथून इथं यायला ढगाला तासभर लागतो.

"येतंय इमान, काकू. बेणं जगवा," तो छातीठोक सांगायचा.

श्रावणातल्या एका दुपारी केजहून फोन आला, बिभीषणानं लगेच कंट्रोल रूमला लावला. साहेब या वेळी हसला नाही. ढग त्यालाही रडारवर दिसला होता, विमान निघतच होतं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला घरघर ऐकू आली आणि अख्खं गाव माना वर करून उभं राहिलं. तास भरत आला तसा ढगही आला, गार वारा सुटला. पाऊस कोसळला, पण ओढ्यापलीकडं. शेजारच्या गावात पाऊण तास धो धो, आणि काकूच्या दोन सऱ्यांवर चार थेंबही नाहीत.

बिभीषणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकू, येळ बरोबर धरला व्हता. जागा चुकली." पुढं त्याला रडूच फुटलं.

काकूनं ओढ्यापलीकडची भिजलेली रानं पाहिली. मग तिनं पदर खोचून कोयता उचलला. "रडू नको. तोडाय लाग. समदं बेणं वड्यापल्याड त्यांच्या रानात लावून ये."

"आन् तुमच्याकडं काय ऱ्हाईल?"

"काय न्हाई. पर तिकडं जगलं तर पुढल्या साली मागून आणता येतंय. हितं वाळलं तर कुणाच्या दारी जाऊ?"