चाळीस पावलांची पट्टी

आमचा रस्ता उरणच्या हमरस्त्याला मिळायला चाळीस पावलं कमी पडतात. मी मोजली आहेत. तेवढी पट्टी एका म्हाताऱ्याच्या भातशेताची आहे. तो ती सोडत नाही, म्हणून आम्हाला रोज तीन किलोमीटरचा फेरा पडतो. पट्टी सरकारनं ताबडतोब ताब्यात घ्यावी, असा अर्ज आमच्या सोसायटीनं तयार केला. त्यात पहिली सही माझी.

म्हातारा रोज रस्ता संपतो तिथे उभा असतो. मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर एखादा ट्रक आत शिरला, की तो मागच्या फळीवर थाप मारत ओरडतो, "येऊ दे, येऊ दे... बस!" ड्रायव्हर शिव्या घालतात. कोणी दहा-वीस रुपये पुढे केले, तर तो हात मागे घेतो.

गेल्या महिन्यात स्कूटर थांबवून मी विचारलंच, "काका, रस्ता अडवता तुम्ही आणि गाड्या वळवताही तुम्हीच?"

"मंग कोन वळवंल? वाट मी अडवलीय."

"पण या पट्टीच्या बदल्यात सरकारकडून प्लॉट मिळालाय ना?"

"मिळालाय की! चारी बाजूंनी लोकांच्या भिंती, आत जायाला रस्ता न्हाय. हेलिकाप्टर घेऊ काय? रस्ता द्या, उद्या पट्टी सोडतो."

मी सही मागे घेतली नाही. रस्ता आम्हालाही हवाच आहे. पण अर्जात एक ओळ वाढवली: आधी या शेतकऱ्याच्या प्लॉटला रस्ता द्यावा.

तेव्हापासून सोसायटीतल्या चौपन्न घरांपैकी एकानंही त्या अर्जावर सही केलेली नाही.