नको असलेल्या वस्तू

चाळिशी उलटल्यावर मी कॅमेरा घेतला, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की या छंदात फोटो काढणं ही सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट आहे. महत्त्वाचं काय, तर तो फोटो नंतर कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये घालता ते.

हे ज्ञान मला जालन्यातल्या आमच्या हौशी फोटोग्राफरांच्या ग्रुपमध्ये मिळालं. ग्रुपचे सर्वेसर्वा एक दातांचे डॉक्टर. दर रविवारी सकाळी ते आम्हाला चहाला जमवत आणि एकटेच बोलत. समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणारे फक्त आपण, ही सवय त्यांना दवाखान्यातूनच लागली असावी.

"मॅडम, एडिटिंग कशात करता?" त्यांनी एकदा मला विचारलं.

"मोबाइलमध्येच. थोडा उजेड वाढवते."

सगळ्यांनी कप खाली ठेवले. जणू पुरणपोळीवर मी टोमॅटो सॉस घेते, असं सांगितलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलेलं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानं मिळायचं. ते लॅपटॉपवर घातलं, तर लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा आवाज करू लागला. दुसऱ्याचं फुकट होतं, पण ते शिकायला तो वर्षभर व्हिडिओ बघत होता आणि त्या वर्षात त्याने एकही फोटो काढला नव्हता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "माझं घ्या. एक बटण दाबायचं, बाकी सगळं ते स्वतः बघतं."

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. दोन पानं चाळल्याशिवाय पुस्तक नेऊ नका, असं पोरांना रोज सांगते. मी मात्र डॉक्टर म्हणाले म्हणून घेतलं.

पुढच्या चतुर्थीला मी राजूरच्या गणपतीला गेले. देवळाच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या जोडप्याचं बांगड्यांचं दुकान आहे. मी त्यांना चाचा आणि चाची म्हणते, कितीतरी वर्षं बांगड्या तिथेच भरते. चाचा पुढे बसून बांगड्यांचे जोड लावत होते. मागे चाची एका मुलीसाठी काढलेली बांगडी हातात धरून थेट माझ्याकडे बघत होत्या. फोटो काढला.

घरी येऊन बटण दाबलं. धुळकट आभाळ निळं झालं. चाचांच्या सुरकुत्या गेल्या. खाली एक ओळ आली: 'नको असलेल्या वस्तू काढल्या आहेत.' विजेच्या तारा गेल्या असतील, असं समजून मी फोटो ग्रुपवर टाकला. डॉक्टरांनी लिहिलं, "बॅकग्राउंड एकदम क्लीन. आता तुम्ही शिकलात." मी इतकी खूश झाले की मोठा प्रिंट काढून फ्रेमच केला.

तो घेऊन राजूरला गेले. चाचांनी चष्मा पुसला.

"बहोत चांगला आला. मी तर नवरदेव दिसून राह्यलो." मग त्यांनी फ्रेम डोळ्यांजवळ धरली. "पर मॅडम, ही कुठं गेली?"

चाची जिथे बसल्या होत्या, तिथे पडदा होता. चुण्यांसकट, व्यवस्थित. आठवडाभर तो फोटो मी कौतुकाने बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

चाचींनी फ्रेम मागून घेतली. पडद्यावरून बोट फिरवलं.

"पडदा चांगलाय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं असा न्हाई. दुकान माझ्या बापाचं. पस्तीस साल झाले इथं बसून राह्यले मी. बांगड्या बराबर ठेवल्या सगळ्या, मलाच काढलं."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चाची, मी नाही काढलं. ते सॉफ्टवेअर आपोआप..."

"मंग बटन कोणी दाबलं?"

मी फ्रेम तिथेच ठेवून निघाले. बसमध्ये बसल्यावर कान तापले होते. कॉलेजात बायकांच्या आत्मचरित्रांचं वेगळं कपाट मीच मागून घेतलं होतं, आणि एक जितीजागती बाई माझ्या हातून पडदा झाली होती.

घरी आल्यावर डॉक्टरांचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. एक साधं, फुकटातलं घेतलं; त्यात उजेड कमी-जास्त होतो, कडा कापता येतात, बस्स. मूळ फोटोत उजेड तेवढा वाढवला आणि पुन्हा ग्रुपवर टाकला.

डॉक्टरांचं उत्तर आलं, "मागची बाई डिस्ट्रॅक्ट करतेय. आधीचाच चांगला होता."

मी लिहिलं, "दुकान त्यांचं आहे. काढायचंच असेल तर पुढे बसलेल्या चाचांना काढावं लागेल."

 तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तळ्यावरच्या चंद्राचा फोटो टाकला. चंद्र परातीएवढा होता, आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब नव्हतं. सगळ्यांनी अंगठे दिले. रविवारच्या चहाला मी नंतर गेले नाही, आणि मला कोणी बोलावलंही नाही.

नवा फोटोही मी फ्रेम करून राजूरला नेऊन दिला; चाचींनी तो दुकानात समोरच लावला. पहिल्याचं काय केलं, हे विचारायला मी बिचकत होते. त्यांनीच सांगितलं.

"घरी ठेवला ह्यांनी. त्यात जवान दिसतो म्हणतात. ठेवू द्या. त्यात एकटेच हायेत ना, मंग सैपाक बी एकट्यानं करा म्हनलं."

चाचा खाली मान घालून जोड लावत राहिले. चाचींनी माझा हात ओढून घेतला आणि माझ्या मापाच्या बांगड्या शोधायला लागल्या.