त्सिसानाचं गुलाबी पाणी

त्सिसानाचं नाव निघालं की आमच्या चियातुरा या खाणींच्या गावात लोकांचे चेहरे उजळतात आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. मी हे लपवत नाही. लपवून उपयोग काय? आमच्या जिन्यातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे.

आम्ही दोघी खाणीच्या प्रयोगशाळेत एकदमच लागलो. तिचा बाप खाणीत, माझाही खाणीत. रूप तिला मिळालं, अक्कल मला. हे मी म्हणते हां, दुसरं कुणी म्हटलेलं नाही. काम दोघींचं तेच. डोंगरातून आलेल्या काळ्या दगडाची पूड आम्लात विरघळवायची, त्यात जस्ताची पांढरी भुकटी घालून तापवायची आणि वरच्या नळीतून परमँगनेटचं जांभळं पाणी थेंबथेंब सोडायचं. दगडातल्या मँगॅनीजचं माप परमँगनेटमधल्या मँगॅनीजनंच काढायचं. जांभळा थेंब आत पडला की त्याचा रंग मरतो आणि तपकिरी गाळ खाली बसतो. पुढचा थेंब पडतो, तोही मरतो. मग एक थेंब असा येतो की वरच्या नितळ पाण्यात किंचित गुलाबी झाक टिकून राहते. तिथंच तोटी बंद करायची. पुढं गेलात तर कागदावर दगड आहे त्यापेक्षा श्रीमंत ठरतो आणि साहेब तुमच्या नावानं बोंब मारतात.

ती झाक त्सिसानाला माझ्याआधी दिसायची. कायम. मी नळीला डोळे लावून बसलेली असायचे आणि ही पलीकडच्या टेबलावरून म्हणायची, "एतेरी, झालं बघ तुझं, सोड आता." तेही इतक्या गोड आवाजात, की ओरडली असती तर बरं वाटलं असतं. अंगाची नुसती लाही लाही व्हायची माझ्या. कामानं माझी बोटं तपकिरी पडली, लिंबू चोळचोळून कातडी गेली पण डाग गेले नाहीत. हिचे हात बघावेत तर लोण्यासारखे. जळो मेलं, असतं एकेकीचं नशीब.

बरं, प्रयोगशाळेत मिरवलीस, ते पुरे नाही का? नाही! आमच्याकडे बाळाची नाळ सुकेपर्यंत त्याला परमँगनेटच्या फिकट पाण्यात आंघोळ घालतात. पाणी फिकं राहिलं तर उपयोग नाही, जहाल झालं तर कोवळी कातडी भाजते. डोळ्यांत गेलं तर विचारूच नका. तेव्हा पहिल्या आंघोळीला लोक त्सिसानाला बोलवायला लागले. ती यायची, पेल्यात खडे विरघळवायची, चार पदरी फडक्यातून गाळायची, म्हणजे न विरघळलेला एखादा कण आत जायला नको, आणि टबात ओतत जायची. सगळे श्वास रोखून उभे. नवरा तिचा लवकर गेला, एका मुलीला तिनं एकटीनं वाढवलं, पण कुणाच्या घरी बोलावल्यावर नाही म्हणाली नाही. लोकांनी तिला वाइन दिली, चीज दिलं, अक्रोड दिले. मीसुद्धा रसायनच शिकले होते! मला कुणी कधी साधा मक्याचा रोट हातावर ठेवून बोलावलं नाही.

आणि माझ्या मुलाला, मालखाझला, सगळ्या खोऱ्यात दुसरी मुलगी सापडली नाही. तिचीच मुलगी खातुना पसंत केली त्यानं. झाली त्सिसाना माझी विहीण. आता बोला.

गेल्या वर्षभरात मात्र तिनं बाळांचं पाणी करायला नकार द्यायला सुरुवात केली. कधी गुडघा दुखतो, कधी सर्दी. मी म्हटलं, वा, आता भाव खायला लागली बाई.

मग आमच्याकडे नातू झाला. घर माझं, मुलगा माझा, रीतीप्रमाणं पहिलं पाणी बापाच्या आईनं करायचं. मी तर आधीच फडकी उकळून ठेवली होती. तर सूनबाई म्हणतात कशा, "पाणी माझी आई करेल. वाईट वाटून घेऊ नका हं."

"छे गं, मला कसलं वाईट?" मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन चिजाच्या रोटीचं पीठ असं काही बडवलं की शेजारीण नोरा धावत आली.

त्सिसाना आली. नातवासाठी नाही म्हणता येईना. टब मांडला, खिडकीतून ऊन थेट पाण्यावर पडलं होतं. ती ओतायला लागली. पाण्याला झाक आली. मला दिसली! माझ्या मनात आलं, आता थांबेल. ती थांबली नाही. गुलाबी गेलं, लालसर आलं, तरी हात चालूच. मग पाणी उकडलेल्या बिटासारखं झालं आणि ही अजून वाकून बघतेय. खातुनानं दुपट्यातून बाळाला मोकळं केलं.

"थांब!" मी ओरडले. "पाणी जहाल झालंय, पोर भाजेल!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. टबाकडे कुणी पाहिलंच नाही.

"झालं सुरू," नोरा पुटपुटली.

"आई, आजच्या दिवशी तरी नको गं," मालखाझ म्हणाला. "कळतंय आम्हाला, तुला करायचं होतं."

"अरे गाढवा, डोळे आहेत का तुला? पाण्यात बघ!"

"तुम्हाला माझ्या आईचं काही बरं बघवतच नाही," खातुना म्हणाली आणि रडवेली होऊन बाळाला टबाकडे घेऊन निघाली. मी टबापुढं हात पसरून आडवी उभी राहिले. आयुष्यभर मी इतकी जळले होते, की आता खरं बोलत होते तर माझंच माणूस माझ्यावर विश्वास ठेवेना. मला रडू फुटलं.

"खातुना, मागं हो," त्सिसाना म्हणाली. पेला तिनं खाली ठेवला. "एतेरी म्हणते ते खरं असणार. मला गुलाबी दिसत नाही. मोतीबिंदू झालाय. वर्ष झालं, सगळं पिवळट दिसतं. आज दिसेल, आज दिसेल म्हणून ओतत राहिले. पाणी फेका. एतेरी करेल."

मग सगळे तिच्याकडे धावले. खातुना गळ्यात पडली. नोरा डोळे पुसत म्हणाली, "केवढ्या मोठ्या मनाची बाई!" मालखाझनं खुर्ची आणली, वाइन आणली. बाळ माझ्या हातात कोंबलं आणि मला सगळे विसरले. कुणी म्हटलं का, की एतेरी होती म्हणून पोर वाचलं? छे!

मी टब घासला, नवं पाणी भरलं. एका हातावर नातू, दुसऱ्यानं ओतलं. झाक आली तिथंच थांबले. इतकं नेमकं पाणी मी जन्मात केलं नव्हतं. बघायला कुणी नव्हतं.

बाळाला पाण्यात सोडलं तेव्हा त्सिसाना चाचपडत माझ्याजवळ आली, टबाच्या काठाला धरून बसली.

"कसा रंग आलाय गं?"

मला किती काय काय म्हणता आलं असतं. जिभेवरच होतं.

"तू आणायचीस तसा," मी म्हटलं.

ते खरं होतं, म्हणून तर इतकं झोंबलं.