मुरुडची न उठलेली पंगत

सर्वप्रथम क्षमा मागतो. सदुसष्टाव्या वर्षी लेखणी हाती घेण्याचा मला काहीही अधिकार नाही. नांदेडच्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. फळ्यावर नकाशे काढण्यापलीकडे निर्मिती अशी काही केली नाही. परंतु संधिवाताने बोटे आखडली, तेव्हा डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम सांगितला. तो चेंडू कपाटाखाली गेला, आणि वाकून तो काढणे त्याच संधिवातामुळे मला शक्य नाही. म्हणून बोटांना व्यायाम म्हणून हे लेखन. (वाचकांनी आपला असा उपयोग झाल्याचे मनास लावून घेऊ नये.)

माझे गुडघे बसतात, पण उठत नाहीत. एवढे एक वाक्य मी मुरुडला वेळेवर बोललो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता.

धाकटा भाऊ हयात नसल्याने पुतण्या गणेश याच्या लग्नात वडीलकी माझ्याकडे आली. गणेश चौतीस वर्षांचा. अकरा स्थळांनी नकार दिलेला. बाराव्या, लातूरजवळच्या मुरुडच्या स्थळाने होकार कळवला तेव्हा त्याची आई हात जोडून मला म्हणाली, "भावजी, साखरपुड्यात तुम्ही काही बोलू नका बरं. जमलेलं मोडायला नको."

मी एरवीही बोलत नाही. त्या दिवशी तर मी ते व्रत म्हणून स्वीकारले!

निघताना आमच्या सौभाग्यवतींनी घडीची खुर्ची जीपमध्ये टाकली. "डॉक्टरांनी खाली बसू नका म्हणून सांगितलंय. पंगतीत लागंल."

"साखरपुडा आहे, दवाखाना नव्हे!" मी म्हणालो. (आमच्या संसारातील माझे हे एकमेव बाणेदार वाक्य. त्याचे फळ पुढे येतेच आहे.)

कार्यक्रम उत्तम झाला. मुलगी वैशाली लातूरच्या एका रुग्णालयात परिचारिका. शांत, नेमके बोलणारी. पंगतीसाठी सतरंज्या अंथरल्या, आणि मुलीचे आजोबा तात्या यांनी माझा हात धरला. "चला मास्तर, आज मांडीला मांडी लावून जेवायचं."

आता ऐंशी वर्षांचा फेटेवाला मांडी घालणार, आणि मी जीपमध्ये राहिलेली खुर्ची मागणार? मी बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा, खाली पोहोचलो.

वांग्याची भाजी, वरण, पुरी, बुंदी. सारे अप्रतिम. जेवण संपले आणि मला आठवण झाली, की वडील पाहुणा उठल्याखेरीज पंगत उठत नाही. वडील पाहुणा मीच! साठ माणसे उष्टे हात धरून माझ्याकडे पाहू लागली. मी गुडघ्यांना मनोमन विनंती केली. त्यांनी ती फेटाळली.

"उठायचं ना, मास्तर?" तात्या म्हणाले.

"आधी आपण."

"छ्या! मान पाव्हण्याचा."

मी स्मित करून बसून राहिलो. दहा मिनिटे गेली. हातावरचे वरण वाळले. मंडपाबाहेर दुसरी पंगत उपाशी ताटकळली होती. तेवढ्यात मुलीचे वडील दत्तराव येऊन वाकले.

"काका, आमच्याकून काही ऱ्हायलं का?"

"छे, छे. सर्व उत्तम."

"मंग?"

"बसतो थोडा."

दत्तरावांचा चेहरा पांढरा पडला. मागे कुजबुज सुरू झाली.

"पाव्हणे रुसले!"

"कामून?"

"काय की बा. दुसऱ्यांदा बुंदी घेतली न्हाई त्यांनी."

लगेच बुंदी आली. मी नको म्हणालो, तर 'लई रुसलेत' असे ठरले. घाबरून मी ती खाल्ली, तर 'खाऊन बी उठंनात' असे झाले! मग शाल आली. मग टॉवेल-टोपी. मग मांडीवर नारळ. वजन वाढत गेले तसतसा मी सतरंजीत अधिकच रुतत गेलो. गणेश दुरून माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता, की तेरावे स्थळ त्याला आताच दिसू लागले असावे.

शेवटी दत्तराव दबक्या आवाजात म्हणाले, "काका, मोकळं बोला. सोन्याचं काही मनात हाय का?"

मी मांडीवरचा नारळ घट्ट धरला. आणि माझे मौन साऱ्या मंडपाने होकार म्हणून घेतले! तोच वैशाली पुढे आली.

"बाबा, पाव्हण्यांना सोनं पाहिजे असंल तर मला हे लग्न करायचं न्हाई."

गणेशच्या आईने डोक्याला हात लावला. आणि मी, ज्याने वर्गातही कधी आवाज चढवला नाही, तो ओरडलो, "गुडघे! माझे गुडघे! संधिवात आहे मला! मला उठता येत नाही हो!"

शेजारून तात्यांचा दुखावलेला आवाज आला.

"मास्तर, मंग हे आधी सांगायचं की वो! मी बी तुमची वाट पाहून राहिलो. तुम्ही उठले की तुमच्या खांद्याला धरून उठायचा इचार होता माझा!"

सर्वांत आधी वैशाली हसली. मग तिने पदर खोचला. "दोघं बी हलू नका. काका, आधी गुडघ्यावर या. हात टेका. घाई न्हाई." सुनेचा हा पहिला आदेश मी चार माणसांच्या मदतीने पाळला, मागोमाग तात्यांनीही. आमच्या सौभाग्यवती तोवर जीपमधून खुर्ची घेऊन आल्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत, ते अधिक लागले.

खुर्ची एकच. "बसा, तात्या." "न्हाई मास्तर, तुम्ही." आम्ही दोघेही थरथरत्या गुडघ्यांवर उभे! अखेर तीत गणेशची आई बसली. तिला खरोखरच गरज होती.

पुढील महिन्यात लातूरला लग्न आहे. वैशालीने दोघांनाही फोन करून विचारले, पंगतीत खुर्च्या ठेवू का? तात्या म्हणाले, "मास्तर खाली बसणार असतील तर मी खुर्ची कशी घेऊ?" मी म्हणालो, "तात्या खाली बसणार असतील, तर मलाही ते शोभणार नाही."

तेव्हा वाचकहो, तुम्हीच सांगा: खुर्ची आधी कोणी मागायची?